वेशाचा सूत्रधार : ऑस्कर श्लेमर

बॅले हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. पांढराशुभ्र, कमळासारखा पसरलेला आखूड झगा, पायांत रेशमी सपाता आणि पायाच्या बोटांच्या टोकांवर तोललेली एक सडपातळ नर्तकी. हे चित्र इतके रूढ झाले आहे, की हा वेश बॅलेबरोबरच जन्माला आला असावा आणि बॅलेबरोबरच मरेल, असे कुणालाही वाटावे. वस्तुतः तसे मुळीच नाही. बॅलेचा वेश शतकाशतकाला बदलत आला आहे, आणि तो बदलताना केवळ कापड बदललेले नाही. माणसाच्या देहाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली आहे. ज्या एका जर्मन चित्रकाराने ही गोष्ट फार खोलवर ओळखली आणि तिच्यापायी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्या ऑस्कर श्लेमरची ही कहाणी आहे.

मी काही नर्तक नव्हे. महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात गेली तीन वर्षे माझ्याकडे वेशभूषेचे खाते आहे. एकांकिका स्पर्धा जवळ आली की भाड्याच्या दुकानातून अंगरखे नि पगड्या आणायच्या, कुणाला घट्ट, कुणाला ढगळ होतात म्हणून टाचण्या लावायच्या, आणि प्रयोग संपला की सगळे मोजून परत करायचे, हे माझे काम. नाटकात वेश ही सर्वांत शेवटची बाब समजली जाते. आधी संहिता, मग दिग्दर्शन, मग अभिनय, आणि हाती पैसे उरलेच तर वेश! श्लेमरने ही उतरंड उलटी करून टाकली. त्याच्याकडे आधी वेश, मग त्या वेशाला साजेसे संगीत आणि या दोहोंच्या पोटातून शेवटी नृत्य. म्हणूनच की काय, हा माणूस मला जवळचा वाटतो.

त्याचे काम समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे. १६५३ साली फ्रान्सच्या दरबारात ‘रात्रीचा बॅले’ सादर झाला. त्यात चौदा वर्षांचा राजा चौदावा लुई उगवत्या सूर्याच्या वेशात नाचला. त्या काळी बॅलेचा वेश म्हणजे दरबाराचेच वैभव होते. जरतारी कापड, पिसांचे तुरे, उंच टाचांचे बूट आणि तोंडावर मुखवटा. देह त्या ओझ्याखाली झाकलेला असे. कारण दाखवायचा होता तो देह नव्हे, पद! पुढे अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तकीने आपल्या झग्याची कड थोडी वर घेतली, कारण तिच्या पावलांची चपळाई कुणाला दिसतच नव्हती. तिची समकालीन मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये साधे मलमलीचे वस्त्र नेसून नृत्य केले. १७६० मध्ये जाँ-जॉर्ज नोव्हेर या नृत्यशिक्षकाने आपल्या प्रसिद्ध पत्रांतून मुखवट्यांवर हल्ला चढविला. चेहरा झाकला तर भावना कशा दिसणार, हा त्याचा रोकडा सवाल होता.

मग आले १८३२ साल. पॅरिसच्या ऑपेरात मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ या बॅलेत वायुकन्या होऊन अवतरली. पोटरीपर्यंत येणारा जाळीदार कापडाचा पांढरा झगा, गॅसच्या दिव्यांचा मंद उजेड आणि बोटांच्या टोकांवरचे अधांतरी चालणे! माणसाला वजनच नाही, असा भास निर्माण करणारा हा वेश होता. पण या स्वप्नाची किंमतही मोजावी लागली. ताल्योनीचीच शिष्या एमा लिव्ह्री. आगीपासून बचाव करणाऱ्या द्रावणात बुडविलेला झगा ताठ होतो, त्याची शोभा जाते, म्हणून तिने तो नाकारला होता. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीच्या वेळी तिच्या झग्याने गॅसच्या ज्योतीवर पेट घेतला, आणि आठ महिने वेदना सोसून ती गेली. वेशभूषेला वरवरची बाब समजणाऱ्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. देहाला हलके करण्याच्या ध्यासाने एका कोवळ्या मुलीचा प्राण घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो झगा आणखी आखूड झाला, आडवा पसरला, आणि आपल्या डोळ्यांपुढे येणारे ते नेहमीचे चित्र तयार झाले. एकूण प्रवासाची दिशा एकच होती. ओझे कमी करा, देह मोकळा करा. श्लेमर या वाटेवर उलट्या दिशेने चालू लागला.

ऑस्कर श्लेमर ४ सप्टेंबर १८८८ रोजी स्टुटगार्ट येथे जन्मला. सहा भावंडांतला तो सर्वांत धाकटा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. तो बहिणीकडे वाढला आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास स्वतःच्या पोटापुरते कमावू लागला. काम होते लाकडावर निरनिराळ्या लाकडांच्या पातळ तुकड्यांची नक्षी जडविण्याचे. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. जडावकामात प्रत्येक तुकड्याला कड असते, आणि कड चुकली तर सगळी नक्षी बिघडते. पुढे माणसाचा देह रंगविताना श्लेमरने हीच कारागिराची नजर वापरली. त्याच्या चित्रांतील माणसे कापून, घासून, नेमकी बसविल्यासारखी दिसतात.

नंतर त्याने स्टुटगार्टच्या अकादमीत शिक्षण घेतले आणि आडोल्फ हॉएल्त्सेल या विचारवंत चित्रकाराचा तो शिष्य झाला. १९१२च्या सुमारास आल्बर्ट बुर्गर आणि एल्सा हॉएत्सेल या नर्तक जोडप्याशी त्याची ओळख झाली, आणि नव्या तऱ्हेच्या बॅलेची कल्पना तिघांच्या मनात रुजली. पण १९१४ साली महायुद्ध पेटले. श्लेमर आघाडीवर गेला, जखमी झाला, आणि नंतर कोल्मार येथे लष्कराच्या नकाशा विभागात त्याची नेमणूक झाली. याच धामधुमीत, १९१६ साली, स्टुटगार्टमध्ये त्या बॅलेचे काही भाग पहिल्यांदा लोकांपुढे आले.

खंदकांत त्याने माणसाच्या देहाचे काय होते ते पाहिले होते. त्या युद्धात यंत्रांनी माणसे अक्षरशः तोडली, आणि जी जगून परत आली त्यांतल्या कित्येकांना लाकडी पाय नि धातूचे हात लावावे लागले. जर्मनीच्या रस्त्यांवर तेव्हा अर्धा माणूस आणि अर्धे यंत्र असे देह हिंडत होते. श्लेमरच्या कठीण कवचासारख्या वेशांमागे हे दृश्य असावे, असे मला राहून राहून वाटते. मोडलेल्या देहाला त्याने पुन्हा एक आकार दिला, एक तोल दिला.

३० सप्टेंबर १९२२ रोजी स्टुटगार्टच्या लान्डेस्थिएटरमध्ये ‘त्रयी बॅले’चा पहिला संपूर्ण प्रयोग झाला. नर्तक तीन, नृत्ये बारा, वेश अठरा. पहिला भाग लिंबासारख्या पिवळ्या पार्श्वभूमीवर, हलकाफुलका आणि विनोदी. दुसरा गुलाबी रंगात, उत्सवी. तिसरा काळ्या पडद्यापुढे, गूढ आणि गंभीर. बुर्गर आणि हॉएत्सेल यांच्या जोडीला तिसरा नर्तक होता वाल्टर शोप्पे. आणि हे नाव श्लेमरनेच स्वतःसाठी घेतलेले टोपणनाव होते! तीन या अंकाचे त्याला वेड होते. एकात अहंकार आहे, दोघांत विरोध आहे, समूह सुरू होतो तो तिघांपासून, अशी त्याची धारणा होती. गोल, चौकोन, त्रिकोण. तांबडा, निळा, पिवळा. नृत्य, वेश, संगीत. सगळीकडे त्याला त्रयीच दिसे.

आणि ते वेश! तार, लाकूड, कागदाचा लगदा, कापूस भरलेले कापड, चकाकणारे धातूचे रंग. ते घडविण्यात त्याचा भाऊ कार्ल याचेही हात होते. एका नर्तकीचा झगा नुसत्या तारेच्या वर्तुळांचा. जुन्या बॅलेतला तो पसरट झगाच, पण कापड काढून घेतल्यावर उरलेला त्याचा सांगाडा म्हणा ना. एका नर्तकाच्या देहाच्या कडेने चकतीचे पाते बसविलेले. तो समोर असला की रुंद आकृती दिसायची, आणि वळला की नुसती एक रेघ. अखेरच्या नृत्यातल्या आकृतीचा एक पाय पांढरा, अवाढव्य फुगलेला, आणि उरलेल्या देहाचे काही भाग काळे. काळ्या पडद्यापुढे ते काळे भाग नाहीसे होत आणि माणूस तुकड्यातुकड्यांनी अवकाशात तरंगू लागे. अशा वेशात उडी मारता येत नाही, गिरकी घेताना काळजी घ्यावी लागते, बसताही येत नाही. तो वेशच नर्तकाला सांगतो, इथे वळ, इथे थांब, एवढेच पाऊल टाक.

मग हे नर्तकावर लादलेले बंधनच नव्हे काय? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. मलाही या प्रश्नाने छळले, म्हणून एक प्रयोग करून पाहिला. श्लेमरचा पुढच्या काळातला ‘पट्ट्यांचा नाच’ प्रसिद्ध आहे. त्यात काळे कपडे घातलेल्या नर्तकीच्या हातापायांना आणि धडाला लांबलचक पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या असत. आम्ही तिघा मित्रांनी तालमीच्या खोलीत बांबूच्या कामट्या आणल्या आणि त्यांतल्या एकाच्या हातापायांना सुतळीने घट्ट बांधल्या. त्याने गुडघा जेमतेम वीतभर उचलला, तर कामटीचे टोक थेट भिंतीवरच्या घड्याळापाशी पोहोचले. कोपर थोडे फिरवले, तर आम्हाला मागे सरावे लागले. पहिली पाच मिनिटे हसण्यात गेली. नंतर मात्र कुणी हसेना. आपली एवढीशी हालचाल खोलीभर पसरते, हे कळल्यावर तो मित्र इतक्या जपून, इतक्या सावधपणे चालू लागला, की आम्ही पाहत राहिलो. बंधनाने त्याची हालचाल कमी झाली होती खरी, पण प्रत्येक हालचालीला किंमत आली होती. छंदाच्या बंधनाने कविता गुदमरते की उजळते, या जुन्या वादाचे उत्तर मला त्या दिवशी कामट्यांत सापडले.

दरम्यान श्लेमरच्या आयुष्याला मोठे वळण लागले होते. वाल्टर ग्रोपियसने वायमार येथे काढलेल्या बाउहाउस या कलाशाळेत तो अध्यापक म्हणून गेला. शिल्प, भित्तिचित्रे आणि १९२३ पासून रंगमंच असे विभाग त्याने सांभाळले. शाळेची ती सुप्रसिद्ध मुद्रा, काही सरळ रेघांत बसविलेला माणसाचा चेहरा, त्याचीच. १९२५ साली शाळा डेसाउला हलली. तेथील नव्या इमारतीत सभागृह आणि भोजनगृह यांच्या मधोमध एक छोटा रंगमंच होता. तिथे काठी, कडे, काच, धातू अशा एकेका वस्तूला घेऊन त्याने छोटी छोटी नृत्ये रचली. १९२६ मध्ये डोनाउएशिंगेन येथे ‘त्रयी बॅले’चा प्रयोग झाला, तेव्हा पाउल हिंडेमिट याने त्यासाठी यांत्रिक ऑर्गनचे संगीत रचले.

१९२५च्या सुमारासच त्याने ‘माणूस आणि कलाकृती-रूप माणूस’ या विषयावर आपला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. वेश माणसाला चार प्रकारे बदलतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. रंगमंचाच्या चौकोनी अवकाशाचे नियम देहावर चढविले, की माणूस चालती वास्तू बनतो. देहाच्या सांध्यांचे नियम ठळक केले, की तो कळसूत्री बाहुली होतो. हालचालीचे नियम घेतले, गिरकीचे, वळणाचे, की तो भोवऱ्यासारखे एक यंत्र होतो. आणि देहाला प्रतीकाचे रूप दिले, की तो देहपणच ओलांडून जातो. यंत्राचे युग आले आहे, ते नाकारून चालणार नाही, हे तो मान्य करतो. परंतु त्याचे पुढचे म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते. यंत्राने करता येण्याजोगे सारे यंत्राकडे सोपवून पाहिले, म्हणजेच यंत्राला कधीही करता न येणारे काय ते आपल्याला कळते. त्याचा तारेचा झगा आणि लाकडी गोळे हे माणसाला यंत्र करण्यासाठी नव्हते. कवचाच्या आत श्वास घेणारा जो कुणी आहे, तो अधिक ठसठशीतपणे जाणवावा, यासाठी होते.

याच मुद्द्यावर त्याची दोन्हीकडून ओढाताण झाली. १९२८ मध्ये हानेस मायर बाउहाउसचा प्रमुख झाला आणि शाळेत राजकीय रंगभूमीची मागणी जोर धरू लागली. नुसत्या आकारांच्या नाचाचा समाजाला काय उपयोग, असे विद्यार्थीच विचारू लागले. १९२९ साली श्लेमर शाळा सोडून ब्रेस्लाउच्या अकादमीत गेला. दुसऱ्या बाजूने नाझी उभे ठाकले होते. १९३० साली थुरिंगिया प्रांतात नाझी पक्षाचा मंत्री येताच वायमारच्या इमारतीतील श्लेमरची भित्तिचित्रे नष्ट करण्यात आली. हिटलर सत्तेवर यायला अजून दोन वर्षांहून अधिक काळ होता!

जुलै १९३२ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत ‘त्रयी बॅले’ सादर झाला. पहिला क्रमांक कुर्ट योस याच्या ‘हिरव्या टेबला’ला मिळाला. राजनीतिज्ञ टेबलाभोवती बसून युद्ध ठरवितात आणि शेवटी मृत्यू सर्वांना घेऊन जातो, असा त्याचा विषय. काळाची गरज त्या परीक्षकांनी ओळखली असे म्हणावे लागेल. ‘त्रयी बॅले’ मात्र श्लेमरच्या हयातीत त्यानंतर रंगमंचावर आला नाही.

डेसाउची शाळा बंद होणार, हे कळल्यावर त्याने त्याच वर्षी ‘बाउहाउसचा जिना’ हे चित्र रंगविले. विद्यार्थी शांतपणे जिना चढत आहेत, बहुतेकांची पाठ आपल्याकडे आहे. १९३३च्या मार्चमध्ये स्टुटगार्टला भरलेले त्याचे प्रदर्शन नाझींच्या दबावाने लगेच बंद पडले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा संचालक आल्फ्रेड बार तेव्हा त्या शहरात होता. त्याच्या सांगण्यावरून फिलिप जॉन्सनने ते चित्र विकत घेतले आणि ते वाचले. चित्रकार मात्र मागेच राहिला. त्याच वर्षी त्याची बर्लिनमधील नोकरी गेली. आधुनिक कलेच्या बदनामीचा निषेध करणारे पत्र त्याने थेट गोबेल्सला पाठविले होते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती टाळली तर चरित्र हे स्तोत्र होईल. १९३४ साली म्युनिकमधील एका सभागृहाच्या भिंतीसाठी चित्रे मागविण्यात आली, तेव्हा श्लेमरनेही हात उंचावलेल्या माणसांच्या रांगांचा आराखडा पाठविला. पोटाचा प्रश्न होता, पत्नी आणि तीन मुले होती, आणि नव्या राजवटीत आपल्या भव्य, शिस्तबद्ध आकृतींना जागा मिळेल अशी वेडी आशाही असावी. ती फोल ठरली. वरवर पाहता नाझींनाही भूमिती आवडत होती. सरळ रांगा, एकसारखी पावले, एकसारखे हात! पण वेश आणि गणवेश यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गणवेश आतल्या माणसाला पुसून टाकतो. श्लेमरचा वेश त्याला शोधायला लावतो. राज्यकर्त्यांना हे अंतर कळले असावे. १९३७ साली म्युनिकच्या ‘अधःपतित कले’च्या प्रदर्शनात श्लेमरची चित्रे कुचेष्टेसाठी टांगली गेली.

शेवटची वर्षे वाचताना मन विषण्ण होते. खेड्यात राहून मेंढ्या पाळणे झाले, स्टुटगार्टच्या एका रंगकाम करणाऱ्या कंपनीत नोकरी झाली. युद्ध सुरू झाल्यावर इमारतींना असे रंग द्यायचे, की आकाशातून त्या दिसू नयेत, हे काम त्याच्या वाट्याला आले. काळ्या पडद्यापुढे माणसाची आकृती उजळून दाखविणाऱ्या हातांनी आता लपविण्याचे काम करावे, याहून क्रूर थट्टा ती कोणती? १९४० पासून वुपरटाल येथे कुर्ट हेर्बेर्ट्स या रंग-कारखानदाराने त्याला आणि इतर काही बहिष्कृत कलावंतांना आश्रय दिला. १९४२ मध्ये आपल्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या घरांच्या खिडक्यांत दिसणारी माणसे त्याने छोट्या छोट्या चित्रांत रंगविली. जेवणारी, दिव्याखाली बसलेली साधी माणसे. कवच नाही, मुखवटा नाही. १३ एप्रिल १९४३ रोजी बाडेन-बाडेन येथे, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

पण वेश माणसापेक्षा अधिक जगतात. मूळ वेशांपैकी काही स्टुटगार्टच्या श्टाट्सगालेरी या संग्रहालयात आहेत. १९७० साली या बॅलेवर जर्मनीत चित्रपट निघाला. १९७७ मध्ये गेरहार्ड बोनर याने नव्या संगीतासह तो पुन्हा रचला, आणि २०१४ साली म्युनिकच्या तरुण नर्तकांनी तो पुन्हा रंगमंचावर आणला. १९९७ साली अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम याच्या नर्तकांना रेई कावाकुबो या जपानी वेशकर्तीने पाठीवर, कमरेवर, पोटावर उशांसारखे फुगवटे असलेले कपडे चढविले, तेव्हा जाणकारांना श्लेमर आठवल्यावाचून राहिला नसेल. १९९९ मध्ये कनिंगहॅमनेच ‘बायपेड’ या रचनेत नर्तकांच्या हालचाली संगणकाने टिपून त्यांच्या रेघारेघांच्या आकृती रंगमंचावर नाचविल्या. पट्ट्यांचा नाच होताच. फक्त आता पट्ट्यांच्या आत देह उरला नव्हता.

उद्याच्या बॅलेचा वेश कसा असेल? कदाचित तो कापडाचा नसेलच. प्रकाशाचा असेल, नर्तकाच्या श्वासाबरोबर रंग बदलणारा असेल. कदाचित वेशच राहील आणि नर्तक घरी बसेल! तंत्र आज त्या दिशेने धावत आहे आणि ते थांबणार नाही. अशा वेळी आपल्याजवळ एखादे माप असावे. ते श्लेमरने देऊन ठेवले आहे. कोणताही नवा वेश पुढे आला की एवढेच विचारावे : याच्या आत माणूस आहे की नाही? आणि असेल तर तो या वेशामुळे अधिक दिसतो की कमी? चौदाव्या लुईच्या सोनेरी किरणांना, ताल्योनीच्या पांढऱ्या जाळीला आणि पुढच्या स्पर्धेसाठी मी भाड्याने आणीन त्या पगड्यांनाही हेच माप लावता येईल.